वर रेकॉर्डिंग चाललंय

माझ्या पॉडकास्टचं नाव मी इथे सांगणार नाही. ते ठरवायला मला तीन आठवडे लागलेले. त्यात एक भारदस्त संस्कृत शब्द होता आणि आज तो नुसता आठवला तरी कानशिलं तापतात. मी ठाण्याच्या एका ऑफिसातला साधा कारकून. डोंबिवलीत फ्लॅट, घरात बायको, मी आणि बाबा. जगाला माझ्या विचारांची गरज आहे असं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला काहीतरी होतं. कोणी ट्रेकला जातं, कोणी केस रंगवतं. मी माइक मागवला.

पहिला भाग मी कपाटात डोकं घालून रेकॉर्ड केला. आवाज घुमू नये म्हणून कपड्यांमध्ये बसून बोलावं असं कुठेतरी वाचलेलं. बायकोच्या साड्यांमध्ये तोंड खुपसून मी म्हणत होतो, "नमस्कार, रसिक श्रोतेहो!" बायको बाहेरून म्हणाली, "अहो, कपाटात मांजर शिरलंय का?" तेवढं नंतर कापून टाकलं. हाताने लिहिलेली चार पानं मी वाचून दाखवली, विषय होता वाचनसंस्कृती. अकरा जणांनी ऐकलं. त्यातले तीन मीच होतो, एकदा माझ्या फोनवर, एकदा बायकोच्या आणि एकदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर.

ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर वीस वर्षं एकच बाई बसतात. जिभेला हाड नाही, पण माणूस सोन्यासारखं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता विचारलं, "अरे, तू तिथे असा का बोलतोस? सत्कार समारंभ आहे का कोणाचा? इथे साहेबांची नक्कल करतोस तेव्हा आम्ही पोळी हातात धरून ऐकत बसतो. तो माणूस कुठे गेला?"

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा मला आधी रागच येतो, पटायला चार दिवस लागतात. मनात म्हटलं, यांना काय कळतंय, आयुष्यभर रजिस्टरं आणि लोणच्याच्या बरण्या भरल्या. आणि पुढचा भाग आणखी जड केला.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

बाबा मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात तीस वर्षं होते. धागा काढायच्या खात्यात. तिथे यंत्रांचा आवाज एवढा की शेजारच्या माणसाला काही सांगायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडायचं. तीस वर्षं ओरडल्यावर घसा तसाच घडतो. कारखाना बंद पडला, आई गेली, बाबा मोहन्याची खोली सोडून आमच्याकडे डोंबिवलीत आले, पण आवाज तिकडचाच राहिला. "मीठ दे" म्हणाले तरी खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं भांडण जुंपलं. फोनवर बोलायचे तेव्हा बायको म्हणायची, "यांना फोनची गरजच काय, खिडकी उघडली तरी पोचेल."

ती हे हसून म्हणायची. मला मात्र हसू यायचं नाही. मी पाचवीत असताना बाबा पहिल्यांदा शाळेत पालकसभेला आलेले, पहिली पाळी संपवून, तसेच खाकी कपड्यांत. व्हरांड्याच्या या टोकाला उभं राहून त्यांनी त्या टोकाच्या शिपायाला विचारलं, "ओ दादा, आमच्या पोराचा वर्ग कुठला?" सगळे वर्ग थांबले. बाकांवरून माना वळल्या. मी बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधायला लागलो. पेन्सिल पडलेलीच नव्हती. तेव्हापासून लग्नात, नाटकात, दवाखान्यात, बाबांनी तोंड उघडलं की माझी नजर आपोआप जमिनीवर जायची. छत्तीस-सदतीस वर्षं मी ती न पडलेली पेन्सिल शोधत होतो.

तर चौथा भाग. विषय होता, हसू नका, मौनाचं महत्त्व. मी अगदी रंगात आलेलो. "मौनात माणूस स्वतःला भेटतो" असं काहीतरी म्हणून मी एक लांब श्वास घेतला, आणि त्या श्वासावर बरोब्बर बाहेरच्या खोलीतून बाबा आले: "अरे, पाणी गेलं रेऽऽ! कोणीतरी मोटर लावा!"

माझ्या वाक्याचं शेपूट आणि त्यांचं पाणी एकमेकांत असं अडकलेलं की कापता येईना. मी कंटाळून तसंच चढवलं. आणि पहिल्यांदाच, माझ्या ओळखीच्या नसलेल्या माणसांनी काहीतरी लिहिलं. सहा जणांनी. "ते काका कोण?" "काकांना बोलवा ना एकदा." एकाने विचारलेलं, "शेवटी पाणी आलं का?" मौनाबद्दल कोणीही चकार शब्द काढलेला नव्हता.

एखाद्या शहाण्या माणसाला तिथेच कळलं असतं. लोक ऐकत बसतात ते कोणीतरी खरोखर त्या खोलीत आहे म्हणून. त्याला पाणी गेल्याचं दुःख आहे, तो शिंकतो, मध्येच अडखळतो, म्हणून. माझ्या चार पानांत कोणी नव्हतंच. पण हे मी आत्ता लिहितोय. तेव्हा मला एवढंच कळलं की मी तीन आठवडे खपून लिहिलं आणि टाळ्या 'मोटर लावा' म्हणणाऱ्याला पडल्या. नाकाने कांदे सोलणारा माणूस होतो मी. बाबांना म्हटलं, "बाबा, रविवारी अकरा ते बारा तुम्ही खाली जाऊन बसाल का? मला रेकॉर्डिंग असतं."

"जातो की," बाबा म्हणाले. "तू सांगायचं नुसतं."

त्यांनी कारणसुद्धा विचारलं नाही. त्यांना वाटलं असणार, कामाचं मोठं प्रकरण आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दर रविवारी पावणेअकराला ते चप्पल घालून, पाण्याची बाटली घेऊन खाली जायचे आणि बरोब्बर बाराला वर यायचे. जणू पाळीला चाललेत.

खाली ते नुसते बसायचे नाहीत हे मला तीन रविवारांनी कळलं. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर पाण्याच्या वेळा लिहिलेल्या असतात. त्याखाली खडूने, बाबांच्या अक्षरात, एक ओळ आलेली: रविवार ११ ते १२ शांतता राखावी, वर रेकॉर्डिंग चालू असते. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मला जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "तुमच्या बाबांनी बजावलंय हो, चटणी बारानंतर वाटायची. आज मी सकाळी आठलाच मिक्सर लावून मोकळी झाले." मी कसनुसं हसलो. भाजीवाल्याला बाबा लांबूनच हात करून थांबवायचे. वॉचमनला त्यांनी रेडिओ बंद करायला लावलेला. अख्ख्या बिल्डिंगला त्यांनी माझ्यासाठी वेठीला धरलेलं, आणि कोणी विचारलं की छाती काढून सांगायचे, "पोरगा बोलतो आमचा. लोक ऐकतात." हे सगळं अर्थातच त्यांच्या आवाजात. म्हणजे शांतता राखा हे ते ज्या आवाजात सांगायचे तो तिसऱ्या मजल्यावर माझ्या माइकमध्ये स्वच्छ यायचा. "ए, हळूऽऽ! वर रेकॉर्डिंग चाललंय!" प्रत्येक भागात तीन-चार वेळा. मी बसून कापायचो आणि दातओठ खायचो.

मधल्या काळात ऑफिसातल्या बाईंचं म्हणणं मला पटलेलं. चारऐवजी चाळीस दिवस लागले, पण पटलं. ठरवलं, पानं बंद. एक माणूस बोलवायचा आणि त्याच्याशी डब्याच्या वेळी बोलतो तसं बोलायचं.

डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका बोळात घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. दुकान म्हणजे काचेची एक पेटी आणि एक स्टूल. माझं कॉलेजचं घड्याळ त्यांनीच दुरुस्त केलेलं. त्यांना विचारलं तर लाजले, म्हणाले, "माझं काय ऐकणार लोक?" पण रविवारी आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मी पंखा बंद केला, समोरासमोर बसलो, आणि पहिल्यांदाच माझ्या हातात कागद नव्हता.

काय बोलले हो! इतक्या हळू आवाजात की मी पुढे झुकून ऐकत होतो. एका घरातली गोष्ट सांगितली. सगळे नेहमी उशिरा पोचतात म्हणून त्या घरातल्या सासूबाईंनी नवऱ्याचं घड्याळ गुपचूप दहा मिनिटं पुढे करून घेतलं. मग मुलाने, त्याला काही माहीत नसताना, भिंतीवरचं पुढे करून घेतलं. मग सुनेने आपलं. "आता त्या घरात सगळी घड्याळं पुढे आहेत," ते म्हणाले, "आणि सगळ्यांना ते आतून माहीत आहे. म्हणून सगळे दहा मिनिटं उशिरा निघतात." मी खो खो हसलो. मग ते मध्येच थांबले. बारीक स्क्रू बसवताना ते श्वास धरतात, तसा बोलतानाही धरायचे. मी ती जागा भरली नाही. गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्यातून पुढची गोष्ट आपोआप आली. मला कळत होतं की हे जमतंय. माझ्या आयुष्यात मी काहीतरी पहिल्यांदा चांगलं करत होतो, असं वाटायला लागलेलं.

आणि खालून भंगारवाला आला. हातगाडी, वर भोंगा, भोंग्यात तेच तेच वाजणारं रेकॉर्डिंग. मागोमाग बाबा: "ए भंगाऽऽर! बंद कर ते! वर रेकॉर्डिंग चाललंय!" भोंगा थांबेना. "अरे बंद कर म्हणतो ना! ऐकू येत नाही का तुला!" घड्याळवाले बोलायचे थांबले. मी हाताने खूण केली, बोला. ते बोलायला गेले. खालून परत: "हां! आता जा पुढच्या गल्लीत! शाब्बास!"

दोन मिनिटांनी कुलूप फिरलं. बाबा घामाघूम होऊन दारात उभे. चेहरा असा फुललेला. "सगळ्यांना गप्प केलं बघ!" ते म्हणाले, अर्थात ओरडूनच. "आता बोला बिनधास्त!"

मी उठलो. खुर्ची फरशीवर खरकन वाजली. मी म्हटलं, "बाबा, अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच आवाज येतोय, तो तुमचा. लहानपणापासून हेच ऐकतोय मी. शाळेत, लग्नात, जिथे जाऊ तिथे. माणसं हसतात तुम्हाला. लाज वाटते मला तुमची, कळतंय का? लाज!"

"तुमच्या आवाजाची" म्हणायचं होतं. "तुमची" म्हणालो. पण आता असं म्हणून मी स्वतःला सोडवतोय. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि जिभेला नेमकं जे म्हणायचं होतं तेच ती म्हणाली.

घड्याळवाले आपल्या हातांकडे बघत होते. बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. मग त्यांनी दार ओढून घेतलं, कडी न वाजवता. ते दार आवाज न करता लावता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

पाहुणे चहा न घेता गेले. मी संध्याकाळी बसून सगळं साफ केलं. भंगारवाला काढला, बाबा काढले, खुर्ची काढली, माझं ते बोलणं काढलं. सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोनवरून भाग चढवला. फोनमध्ये दोन फायली होत्या, एक साफ केलेली आणि एक मुळातली, नावं जवळजवळ सारखी. मी कोणती चढवली असणार ते सांगायला नको.

कळलं बुधवारी. एका बाईंनी लिहिलेलं: घड्याळाच्या गोष्टी फार आवडल्या, पण शेवटी वडिलांना जे बोललात ते ऐकून पुढे ऐकवलं नाही. मी ऑफिसातल्या जिन्यात उभं राहून वाचलं आणि वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिथल्या तिथे भाग काढून टाकला. साफ केलेलासुद्धा पुन्हा चढवायची हिंमत झाली नाही. मग घाम पुसला आणि पहिला विचार काय आला? नशीब, बाबा फोनवर असलं काही ऐकत नाहीत. त्यांचा फोन बटणांचा. मनाला इतकं बरं वाटलं की डबासुद्धा पोटभर खाल्ला.

घरात बाबा हळू बोलायला लागले. "मीठ दे" हळू. "पेपर आला का" हळू. आधी दोन दिवस मला वाटलं, रुसलेत. मग आठवडा झाला. आणि आता जे लिहितोय ते लिहायला हात जड होतोय: मला बरं वाटलं. घर शांत झालेलं. माझे पुढचे दोन भाग एका झटक्यात झाले, काही कापावं लागलं नाही. ते दोन्ही भाग अगदी बेचव होते, आणि कोणी काही लिहिलं नाही.

बायको एके दिवशी भांडी लावता लावता म्हणाली, "तुम्हाला दिसत नाहीये का? मोटर लावायला सांगत नाहीत ते आता. पाणी गेलं तरी गप्प बसून राहतात. काल मी डोक्याला साबण लावून बाथरूममध्ये उभी, आणि ते बाहेर मोरीपाशी उभे. दार वाजवून हळूच म्हणतात, 'सूनबाई, पाणी गेलंय बहुतेक.' बहुतेक!" तिचे डोळे भरलेले. "काय बोललात तुम्ही त्यांना?"

मी सांगितलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

माफी मागायला हवी होती. सरळ पाया पडून, बाबा चुकलो, एवढंच. पण माफी मागायची तर ते वाक्य परत आमच्या दोघांच्या मध्ये आणून ठेवावं लागणार. ते जमेना. मग मी एक पळवाट काढली. म्हटलं, "बाबा, माझ्या पॉडकास्टमध्ये या ना तुम्ही. कारखान्याबद्दल बोला." माफीच्या ऐवजी मी त्यांना पाहुणा केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते आले. घड्याळवाल्यांच्याच खुर्चीत बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. मी विचारलं, पहिला दिवस आठवतो का. ते बोलायला लागले आणि माझ्यासमोरच्या स्क्रीनवर आवाजाची रेघ हललीच नाही. मी माइक जवळ सरकवला. आवाज वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. नुसती खरखर. म्हटलं, "बाबा, जरा मोठ्याने."

"एवढं बस्स ना?" ते कुजबुजले. "शेजारी लोक असतात."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी..." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "अरे, रागात माणूस बोलतो. सोड." आणि उठून गेले. मला सोडलं असं त्यांना वाटत असेल. मी मात्र अडकलेलाच.

मग फोन आला. बाबा पूर्वी दर मंगळवारी मोहन्याला जायचे. आधी कल्याणपर्यंत बस, तिथून शेअर रिक्षा. कारखान्यातले तिघे-चौघे जुने सोबती चहाच्या टपरीवर जमायचे. पत्ते खेळत असतील असं मी धरून चाललेलो. त्यांच्यातले एक काका बावीस वर्षं बाबांच्या शेजारच्या यंत्रावर होते. ते म्हणाले, "काय रे, बाप बरा आहे ना तुझा? दोन महिने झाले, फिरकला नाही इकडे. फोन केला तर इतका हळू बोलतो, मला वाटलं घशाचं ऑपरेशन झालं."

दोन महिने! मला पत्ताच नव्हता. मंगळवारी बाबा कुठे जात नाहीत हे मला दिसलंच नव्हतं. मी पुढच्या मंगळवारी रजा टाकली. बाबा नको नको म्हणत होते, गुडघा दुखतो, ऊन आहे, पुढच्या वेळी बघू. मी ऐकलं नाही. रिक्षात ते कडेला बसलेले. मोहने जवळ आलं तसा त्यांनी एकदाच विचारलं, "तू थांबणार आहेस का तिथे?" म्हटलं, "थांबतो की." ते बाहेर बघायला लागले.

टपरीसमोर बाकडं होतं, त्यावर तिघे म्हातारे. बाबांना बघून त्यांनी जो गलका केला तो अर्थात कारखान्याच्या आवाजात. सगळ्यांचेच घसे तसले. मी एवढी वर्षं समजत होतो की माझ्या बापालाच देवाने तो दिलाय. ते शेजारच्या यंत्रावरचे काका मला म्हणाले, "तुझ्या बापाची हाक म्हणजे आमच्या खात्याचा भोंगा. जेवायची सुट्टी झाली की हा एका टोकाला उभा राहून ओरडायचा. त्या धडधडाटात दुसऱ्या कोणाचा आवाज पोचायचाच नाही. हा नसला की आम्ही उपाशी." बाकीचे हसले. बाबा जमिनीकडे बघत होते. ती नजर मी ओळखली. ती माझी होती.

मग काकांनी खिशातून फोन काढला आणि पिशवीतून एक छोटा गोल स्पीकर. "तुझे सगळे भाग ऐकलेत आम्ही," ते म्हणाले. "दर मंगळवारी. तुझा बाप सांगायचा, लाव रे, पोराचं लाव. पहिले जरा डोक्यावरून गेले, खरं सांगतो. वाचनसंस्कृती का काय ते. पण पाणी गेलं तो भाग आम्ही चार वेळा ऐकला."

मी बाबांकडे बघितलं. ते टपरीच्या पाटीवरच्या खडूच्या अक्षरांकडे बघत होते.

"आणि तो घड्याळवाल्याचा," काका पुढे म्हणाले, "काय रंगलेला! म्हटलं, आता जमलं पोराला. पण तुझ्या बापाने घोटाळा केला. भंगारवाला आला बघ त्यात, मग खुर्ची वाजली, आणि हा एकदम ओरडायलाच लागला. चहा आण, भजी आण, पाऊस येतोय, उठा! आभाळात एक ढग नाही. आम्ही म्हणतोय, अरे गप, पोराचं ऐकू दे. स्पीकर माझ्या मांडीवर, तरी मला काही ऐकू येईना. तू बोलत होतास एवढं कळलं. हा आपला ओरडतोय, ओरडतोय, भाग संपेपर्यंत थांबला नाही. घसा बसला ना तुझा त्या दिवशी? त्यानंतर आलाच नाही हा. नंतर आम्ही तो भाग परत लावायला गेलो तर सापडेना. काय होतं रे त्यात पुढे? काय म्हणत होतास तू?"

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. उत्सुकतेने, नातवाचं कौतुक ऐकायला बसावं तसे. मला दिसलं ते सगळं. खुर्ची वाजली तेव्हाच बाबांना कळलं असणार, पुढे काय येणार. फोन दुसऱ्याच्या हातात, बंद कसा करायचा माहीत नाही. जवळ होता तो एक आवाज. ज्याची मला लाज वाटायची त्याच आवाजाने त्यांनी मला झाकलं, स्वतःच्या मित्रांसमोर, की पोरगा असा आहे हे यांना कळू नये.

आता तरी बोलायचं, असं मी ठरवलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, "काका, त्यात मी बाबांना म्हणालो की मला तुमची..."

"ए चहाऽऽ!"

रस्त्याच्या पलीकडून माणसं वळून बघायला लागली. एक कुत्रं उठून बसलं. "पाच कटिंग! त्यातला एक बिनसाखरेचा! आणि भजी टाक गरम!" दोन महिन्यांनी, पूर्ण आवाजात, मान वर करून बाबा ओरडत होते.

टपरीवाला आमच्यापासून दोन हातांवर उभा होता. "काका, ओरडता कशाला," तो म्हणाला, "इथेच तर आहे मी."

"आला रे आला, भोंगा आला!" काका टाळी देत म्हणाले. सगळे हसायला लागले. मी पुन्हा तोंड उघडलं, "नाही काका, ऐका ना, मी बाबांना..." बाबांनी लगेच पुन्हा आवाज दिला, "भज्यांबरोबर मिरची दे रे!" माझ्याकडे न बघता. त्यांचा हात मात्र माझ्या गुडघ्यावर होता आणि तो त्यांनी गच्च दाबून धरलेला.

मी गप्प बसलो. चहा आला, तो प्यायलो.